चंपाबाईचा चंदेरी भोंगा

चंपाबाईच्या नाकावर राग होता असं म्हटलं तर ते कमीच पडेल. राग तिच्या घरातच राहायला होता. तिच्याबरोबर उठायचा, तिच्याबरोबर चुलीपाशी बसायचा आणि पावसाळ्यात तिच्याबरोबर कशेडीच्या घाटात कामालाही जायचा. घाटात दरड कोसळली की रस्त्यावरची माती उपसायला बायका लागत, आणि चंपाबाई घमेलं उचलायला पहिली उभी असे. एका साली मुकादमाने कामावरच्या बायकांना नवी इरली वाटली आणि वाडीतल्या चौघींच्या पुढ्यात मागच्या सालची फाटकी टाकली. तिघींनी मुकाट्याने ती डोक्यावर घेतली. चंपाबाईने आपलं इरलं उचलून मुकादमाच्या पायाशी नेऊन ठेवलं, "तुज्या आयशीला घाल," म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत धो धो पावसात उघड्या डोक्याने माती वाहिली. मग सडकून ताप आला. पण अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा ती मुकादमाचा उद्धार करत होती.

लोक हसायचे. एवढ्यातेवढ्यावरून डोकं फिरवून घेते म्हणायचे. हसणाऱ्यांना काय जातं! चंपाबाईचा पहिला परकर मढ्यावरच्या कापडाचा होता. गावात कोणी मेलं की त्याच्या अंगावरचं कापड वाडीच्या वाट्याला यायचं, आणि तिच्या आईने त्यातलंच एक फाडून लेकीला परकर शिवला होता. मेलेला माणूस कोण होता तेही चंपाबाईला माहीत होतं. तो परकर घालून ती त्याच माणसाच्या अंगणात शिळं कालवण मागायला उभी राहिलेली होती. धर्मांतर झालं तेव्हा ती नुकती लग्न होऊन या वाडीत आली होती. वाडीने बैठक घेतली आणि ठरवलं, आजपासून गावाचं उरलेलं, उतरलेलं, मढ्यावरचं काहीही घ्यायचं नाही. पुष्कळ जण ते ठरवून घरी गेले आणि झोपले. चंपाबाईने माहेराहून तो परकर मागवून घेतला आणि चुलीत घातला.

तेव्हापासून तिचा एकच हट्ट. वस्तू घ्यायची तर नवी, नाहीतर नको. मुंबईच्या नणंदेने, गीताबाईने, दोनदाच नेसलेलं चांगलं पातळ पाठवलं, ते आणणाऱ्याच्याच हाती परत गेलं. महाडच्या बाजारात जुना पितळी तांब्या अगदी पडत्या भावात मिळत होता, पण त्याच्या गळ्यावर कुणाचं तरी नाव कोरलेलं होतं. चंपाबाईने तो खाली ठेवला आणि शेजारच्या दुकानातून नवा जर्मनचा, ॲल्युमिनियमचा घेतला. जर्मनचा तांब्या वर्षभरात पोचे पडून वाकडा झाला. "वाकडा झाला तरी माजा हाय," असं म्हणून ती त्यातून पाणी प्यायची.

पोलादपूर मागे टाकून कुडपणच्या अंगाला चढायला लागलं की अर्ध्या वाटेत एक वहाळ आडवा येतो. वहाळाच्या पल्याड गाव, अल्याड बौद्धवाडी. गावाचं नाव कशाला सांगायचं? ज्याला ओळखायचं तो ओळखेल. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला गावात वीज आलेली होती आणि वाडीत ती पुढच्या वर्षी येणार होती. कित्येक वर्षं ती पुढच्याच वर्षी येणार होती.

गावात आणखी एक गोष्ट होती जी वाडीत नव्हती. लाऊडस्पीकर. ग्रामस्थ मंडळाचा मोठा भोंगा, रंगाने हिरवा, पाठीवर पिवळ्या अक्षरांत मंडळाचं आणि गावाचं नाव. देवळाच्या शिखराजवळ तो बांबूला बांधलेला असे, आणि त्याच्या मशीनच्या कपाटाच्या किल्ल्या मंडळाच्या कोंडाजीकडे असत. दरसाल एप्रिलात जयंती जवळ आली की वाडीतून कोणीतरी कोंडाजीकडे जायचं. फुकट मागायला नव्हे, भाडं देऊन. आणि दरसाल त्या भोंग्याला ताप भरायचा. एका साली त्याचं युनिट जळलेलं असे, एका साली मशीन महाडला दुरुस्तीला गेलेलं असे, एका साली बॅटरी उतरलेली असे. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच भोंगा भजनांच्या तबकड्या लावून ठणठणीत गात बसायचा. वहाळ ओलांडून तो आवाज थेट चंपाबाईच्या पडवीत यायचा, आणि ती भांडी आपटायला लागायची.

एका साली मात्र कोंडाजी चक्क हो म्हणाला. चंपाबाईचा पुतण्या सोमा, जो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता, दोघांना घेऊन भोंगा आणायला गेला. चंपाबाईही मागोमाग गेली आणि देवळापासून लांब, आंब्याखाली उभी राहिली. कोंडाजी वर चढला, दोऱ्या सोडल्या, भोंगा काखेत घेतला. तेवढ्यात खालून कोणीतरी विचारलं, "कोनाला देतोस रे?" कोंडाजीने खाली बघितलं, वाडीच्या माणसांकडे बघितलं, आणि भोंगा त्याच्या हातातून सुटला. सुटला की सोडला, ते त्याचं त्याला ठाऊक. दगडी पायरीवर आदळला आणि त्याच्या तोंडाच्या कडेला वीतभर पोचा पडला. "मोडला रे मोडला! आता कुठला देनार!" असं म्हणत कोंडाजी खाली उतरला. सोमा रिकाम्या हाताने परतला. दुसऱ्या दिवशी भोंगा पोच्यासकट वर चढला आणि गायला लागला. फरक एवढाच, की त्या दिवसापासून गाण्यात लांब सूर आला की त्याच्या मागे माशी अडकल्यासारखी भुणभुण यायची. ती भुणभुण चंपाबाई पुढे कित्येक वर्षं ऐकत होती. शिमग्याला, श्रावणात, एकादशीला. ती कानात बोटं घालायची, तरी भुणभुण यायचीच.

शेवटी वाडीनेच भोंगा घ्यायचं ठरवलं. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने हात दिला, बायकांनी घाटातल्या मजुरीतून वर्गणी काढली. नवा सेट काही झेपणारा नव्हता, तेव्हा महाडला जुना बघायचा असं ठरलं. हे कानावर पडताच चंपाबाई विहाराच्या पायरीवरून ताडकन उठली.

"जुना? कुनाचा तरी वापरून टाकलेला? आनि त्यो विहारावर चढवायचा?"

सोमाने समजूत घातली. "काकी, इकत घेतलेला जुना आनि उतरलेलं येक नसतं गो. पैसं देनार आपन."

"मंग नव्यासारखा दिसायला पायजे. येक ओरखडा चालायचा नाय. आनि मी येनार बघायला."

वाडीचा अध्यक्ष म्हातारा महादू म्हणाला, "जाऊ दे तिला. नाय नेली तर आपल्या डोक्यावर भोंगा वाजवील." बैठक हसत हसत उठली. चंपाबाई हसली नाही.

महाडला उतरल्यावर ती नेहमीसारखी आधी चवदार तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्याली आणि मग सोमाच्या मागे बाजारपेठेत आली. कोर्टासमोरच्या बोळात दत्तारामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मोडके रेडिओ, वायरींची भेंडोळी, तबकड्यांचे ढीग. दत्तारामने दोन भोंगे काढून फळीवर ठेवले. एकाचे रंगाचे पोपडे गेलेले, अंग काळपट, कडेला गंज. दुसरा चंदेरी. असा चकचकीत की दुकानाच्या दारातला उजेड सगळा त्याच्यावरच पडल्यासारखा वाटत होता.

"मास्तर, खरं सांगू? हा काळा घ्या," दत्ताराम म्हणाला. "स्वस्तात पडेल. चंदेरी मुंबईच्या एका सोसायटीचा आहे, चार वेळा वाजला असेल नसेल. त्याचा भाव चढा आहे."

"लावून दाखवा दोन्ही."

"बारीकच ऐका हं. कोर्ट चालू आहे, मोठ्याने लावला की पट्टेवाला धावत येतो."

सोमा कान लावून बसला. दोन्ही ऐकले, पुन्हा ऐकले. मग हळूच म्हणाला, "काकी, काळ्याचा आवाज भरीव हाय. चंदेरीच्या मागं काय तरी बारीक कुरकुरतंय."

चंपाबाई ऐकतच नव्हती. ती बघत होती. चंदेरी भोंग्याच्या कडेवरून तिने बोट फिरवलं. गुळगुळीत. कुठे खरवड नाही, कुठे कुणाचं नाव नाही. "त्यो काळा नको," ती म्हणाली.

दत्ताराम हसला. "अहो बाई, तुमच्या वाडीवरच लावायचा ना? तुम्हाला दिसायला कशाला पाहिजे? आवाज आला म्हणजे झालं."

सल्ला म्हणून बघितलं तर त्यात चूक काहीच नव्हतं. जुना भोंगा घेताना माणसाने कान उघडे ठेवावेत, रंगाने काही वाजत नाही, हे कोणीही शहाणा सांगेल. सोमाही तेच सांगत होता. पण सोमाच्या सांगण्यात 'तुम्हाला' नव्हतं. दत्तारामने तो शब्द असा उच्चारला की जणू चांगलं दिसणं ही काही ठरावीक घरांतच लागणारी चीज आहे आणि वाडीने तिची चौकशीसुद्धा करू नये. चंपाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"का? आमाला डोळं नायत? आमी काय आंधळी हाव?" तिने फळीवर हात आपटला, तशी दोन रेडिओंची झाकणं खाली पडली. "आजवर आमाला फाटकं दिलंत, उष्टं दिलंत, मढ्यावरचं दिलंत, आनि दर टायमाला हेच बोललात. तुमाला कशाला पायजे! आमाला दिसायलाच पायजे. गावानं लांबून बघितला पायजे. बांध त्यो चंदेरी!"

"काकी, पन आवाज…" सोमा पुटपुटला.

"गप रे तू!"

दत्तारामने खांदे उडवले आणि चंदेरी भोंगा मशीन-माइकसकट बांधून दिला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते सोमाने पाहिलं. चंपाबाईने पाहिलं नाही. एस.टी.त तिने भोंगा मांडीवर घेतला, वर पदर घातला आणि पोलादपूर येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

जयंतीच्या दिवशी सकाळी विहाराशेजारच्या फणसाला भोंगा चढला. बॅटरी पोलादपूरहून भरून आणलेली होती. ऊन पडलं आणि भोंगा असा लखलखला की वहाळापलीकडे गुरं घेऊन चाललेली माणसं थांबून बघायला लागली. चंपाबाई नवं पांढरं पातळ नेसून पुढे बसली होती. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा सैल झालेला कुणी पाहिला नव्हता. लहान पोरी बिनधास्त तिच्याजवळ जाऊन बसल्या, यावरून काय ते समजा.

सोमाने माइक हातात घेतला, आवाज पूर्ण चढवला आणि वंदना सुरू केली. पहिलाच लांब सूर वर गेला, आणि त्याच्या मागे माशी भुणभुणली.

चंपाबाईची मान ताठ झाली.

दुसरा सूर. पुन्हा माशी. लोकांनी डोळे मिटले होते, हात जोडले होते. कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. पण जो आवाज एवढी वर्षं पडवीत येऊन तिच्या डोक्यात शिरत होता तो ती कशी विसरेल? तो आवाज वहाळापलीकडून यायचा. आज तो तिच्या डोक्यावरच्या फणसातून येत होता.

वंदना संपेपर्यंत ती दगडासारखी बसली. लोक जेवणाच्या पंगतीकडे वळले तशी ती उठली, सरपणाजवळची कोयती उचलली आणि फणसाला लावलेल्या शिडीवर चढली. घाटात काम केलेली बाई, तिला शिडी काय जड होती! भोंग्याच्या कडेला तिने कोयतीचं टोक लावलं आणि खरवडलं. चंदेरी रंगाखाली पांढरट काहीतरी लागलं. लांबी. दाराखिडक्यांची भोकं बुजवायला रंगारी भरतात ती लांबी. तिने जोर लावला तसा लांबीचा एक मोठा तुकडा निखळून खाली पडला. आत वीतभर पोचा होता, आणि पोच्यात जुना हिरवा रंग.

"काकी, काय करतेस गो?" खालून सोमा ओरडला.

"वर ये आनि बघ. तुज्या हातात देताना कोंडाजीनं टाकला व्हता, त्योच ह्यो. बघ त्याचा पोचा."

बातमी पंगतीत पोचायला वेळ लागला नाही. जेवणारे हात थांबले. महादू पानावरून उठून फणसाखाली आला, वर बघत राहिला. मग म्हणाला, "उतरवा. आत्ताच्या आत्ता उतरवा. गावाचं उतरलेलं घ्यायचं नाय म्हून ठरलंय आपलं." कोणी म्हणालं आजचा दिवस जाऊ द्या, संध्याकाळची सभा आहे, मुंबईची माणसं आलीत. कोणी म्हणालं दत्तारामला जाऊन हाणू. चंपाबाई शिडीवरच बसून होती. तिला दत्तारामचा राग आला होता, कोंडाजीचा आला होता. पण सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःचा आला होता. जन्मभर दुसऱ्याचं अंगाला लागू दिलं नाही, आणि शेवटी त्यांचंच, तेच, एवढी वर्षं मागून न मिळालेलं, वर चंदेरी रंग फासला म्हणून छातीशी धरून घेऊन आली. सोमा सांगत होता तेव्हा कान बंद केले. आता थोबाडीत मारून घ्यावी तर शिडीवरून पडायची.

त्यात वहाळाच्या काठावरून हसण्याचा आवाज आला. कोंडाजी. बरोबर गावातले चार-पाच जण.

"सकाळपासून म्हनतोय वळखीचा आवाज कुटला!" कोंडाजी ओरडला. "आमाला यंदा मुंबईकरांनी नवा सेट आनला, म्हून हा मोडीत घातला. पोचा पडलेला, रंग उडालेला, देवळावर शोभत नव्हता. आनि तुमी त्योच चढवलात व्हय? चंपे, आमचं उतरलेलंच घेतलंस ना शेवटाला?"

गावातले हसले.  महादूने मान खाली घातली. चंपाबाई शिडीवरून खाली उतरली, तशी सगळ्यांना वाटलं, आता ही कोयती घेऊन वहाळाकडे धावणार. दोघांनी तिचा हात धरायची तयारीही केली. पण ती स्वयंपाकाच्या चुलीकडे गेली, रॉकेलचा डबा उचलला, काथ्याचा बोळा घेतला आणि परत शिडीवर चढली.

"काकी, जाळतेस की काय?" सोमा घाबरला.

तिने भोंग्याच्या पाठीवर रॉकेल ओतलं आणि काथ्याने घासायला लागली. पाठ, कडा, गळा. घाईत दिलेला कच्चा चंदेरी रंग पाणी होऊन तिच्या कोपरावरून ओघळला, नवं पांढरं पातळ चंदेरी-काळं झालं. ती घासत राहिली. हळूहळू हिरवा रंग वर आला आणि हिरव्यातून पिवळी अक्षरं. आधी मंडळाचं नाव. मग गावाचं. काठावर कोंडाजीचं हसू कुठे थांबलं ते कोणाला कळलं नाही. 

मग चंपाबाई खाली आली आणि सोमापुढे हात केला. "दे त्यो माइक."

आजवर तिने माइकला हात लावला नव्हता. कसा धरतात तेही तिला माहीत नव्हतं. तिने तो भाकरीच्या पिठासारखा मुठीत आवळला आणि बोलली, आणि तिचा आवाज वहाळ ओलांडून, देवळावरून, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत गेला.

"कोंडाजी, आयक. तुजं उतरलेलं मी नाय घेतलं. माज्या घामाच्या पैशानं भर बाजारात इकत घेतलंय. तुज्या दारात भाडं घेऊन मागत व्हतो तवा तू दिला नाय, वरून टाकलास, मोडलास. मी दुसरा म्हून आनला, फसले. मला रंगानं फसवली. पन आता ह्यो माजा हाय. तुजं नाव हाय त्याच्यावर, आसू दे. तुज्या नावानं आज जयभीम गाजनार, आनि तू आयकनार. जा आता, जेवायची येळ झाली."

शेवटच्या 'झाली'च्या मागे माशी भुणभुणली. वाडीतून एक पोरगी फिस्सकन हसली, मग सगळे हसले, आणि पंगत पुन्हा बसली. महादूने एकदा भोंग्याकडे बघितलं, म्हणाला, "ते नाव आपल्या विहारावर बरं दिसंल काय गो?" चंपाबाईने त्याच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "तू जेव."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती महाडला गेली आणि दत्तारामच्या दुकानापुढे उभी राहून अशी बोलली की कोर्टाचा पट्टेवालाही बाहेर येऊन ऐकत राहिला. दत्तारामने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "बाई, चकचकीत तुम्हीच मागितला." ते खरं होतं, म्हणून तिला आणखी राग आला.  पण घरी आल्यावर सोमाला हाक मारून म्हणाली, "युनिटाचं काय ते बघ रे बाबा. कुरकुर काढ. तू म्हनत व्हतास तेच खरं." सोमाने पुढच्या रविवारी युनिट उघडून आतला पडदा बदलला. माशी गेली. आवाज असा भरीव झाला की वाडीतल्या कुत्र्यांनीही सुरुवातीला भुंकून घेतलं. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा रंग द्यायचा असेल. सोमाने विचारलंही. चंपाबाई म्हणाली, रंग नको. उलट तिने चिंचेने आणि राखेने ती पिवळी अक्षरं घासून आणखी उजळ केली.

बुद्धपौर्णिमा आठवड्यावर आली होती. गावातही मे महिन्याची मोठी पूजा होती, मुंबईकर यायला लागले होते. अशा एका सकाळी कोंडाजी वहाळ ओलांडून आला. जन्मात पहिल्यांदा तो चंपाबाईच्या अंगणात उभा होता, आणि त्याच्या हातात रंगाचा डबा होता. चंदेरी. वर नवा कुंचला.

चंपाबाईने पडवीत गोणपाट टाकलं. "बस."

"नको, उभाच बरा हाय."

तिने त्याच वाकड्या जर्मनच्या तांब्यातून पाणी पुढे केलं. कोंडाजीने तांब्याकडे बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. "आत्ताच पिऊन आलोय गो."

 तांब्या तिने पडवीच्या कठड्यावर ठेवला. पण जे तिला ओळखत होते त्यांनी त्या वेळी तिच्यापासून चार हात लांब राहायला पाहिजे होतं.

"त्याचं आसं हाय," कोंडाजी डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाला, "आता मुंबईची मानसं येनार. तुमची बी येनार, आमची बी येनार. तुमचा कारेक्रम, तुमी करा, आमचं काय म्हननं नाय. पन ते भोंग्यावरचं नाव… आमच्या पोरांनी मुंबईत मंडळाच्या अध्यक्षाला, सहदेवला कळवलं, त्याचं डोकं फिरलंय. म्हनतो, इज्जत का सवाल हाय. गावाचं नाव आसं तिकडं…" तो थांबला. "मी रंग आनलाय. माज्या पैशानं. मीच चढतो, मीच देतो. पाच मिन्टांचं काम. चंदेरी कसा सोभून दिसंल, तुमालाच. ते जुनं हिरवं, पोपडं गेलेलं, पोचा पडलेलं, वाईट दिसतं गो चंपाबाय."

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला 'चंपाबाय' म्हणाला होता.

चंपाबाई कठड्याला टेकून उभी राहिली. फणसावर भोंगा होता, पोच्यासकट, हिरवा, पिवळी अक्षरं लख्ख. त्याचं तोंड गावाकडे होतं. तिने तिकडे बघितलं, मग डब्याकडे, मग न पिता राहिलेल्या पाण्याकडे, आणि अगदी सावकाश, एकेक शब्द दाताखालून काढल्यासारखी बोलली.

"तुमाला दिसायला कशाला पायजे रे कोंडाजी? आवाज आला म्हंजे झालं."